वळ, वण आणि डाग : सीपॅप मास्कच्या खुणांचे विवेचन

त्वचेवरच्या खुणांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. काठीचा वळ, देवीचा वण, भाजल्याचा डाग, टाचेचा घट्टा, अंगावर उठलेला चट्टा, घामाने आलेली पुरळ. प्रत्येक शब्दामागे कारण वेगळे आणि टिकण्याचा काळही वेगळा. वळ उतरतो, डाग फिकट होत जातो, वण राहतो. इतकी बारीक शब्दसंपत्ती हाताशी असताना, सीपॅपचा मास्क लावून झोपणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर सकाळी जे उमटते त्याला मात्र आपण सरसकट 'मास्कचे डाग' म्हणून मोकळे होतो. उपायाची वाट चुकते ती इथेच. वळावर डागाचे मलम चोळले जाते आणि जिथे खरोखर जखम होऊ घातली आहे तिथे 'होईल सवय' म्हणून दुर्लक्ष होते.

या लेखात माझे म्हणणे एकच आहे. मास्कची खूण हा चेहऱ्याचा दोष नव्हे, ती मास्कच्या बसण्याची नोंद आहे. खूण कुठे उमटली, किती वेळ टिकली आणि बोटाखाली कशी लागते हे पाहिले, तर आदल्या रात्री काय चुकले ते बहुतेक वेळा कळते. आणि बहुतेक वेळा चूक एकच निघते : पट्टा गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो.

आधी यंत्राविषयी थोडे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांमध्ये जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे येऊन हवेची वाट मिटते, श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. असे पूर्ण किंवा अर्धे अडथळे दर तासाला ५ किंवा अधिक आले, तर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. ३० च्या वर गेले की आजार तीव्र समजतात. सीपॅप यंत्र सतत हलक्या दाबाने हवा आत सोडून ही वाट उघडी ठेवते. हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. दाब टिकायचा तर हवा निसटता कामा नये, म्हणून मास्क चेहऱ्याला धरून बसला पाहिजे.

ही अडचण यंत्राच्या जन्मापासूनची आहे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी जून १९८० मध्ये हा उपचार पहिल्यांदा एका रुग्णावर केला. त्या रुग्णाला गळ्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती आणि त्याला ती नको होती. पुढच्याच वर्षी 'द लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे मास्क प्रत्येकाच्या नाकाच्या साच्यावरून बनवत आणि रोज रात्री सिलिकोनच्या चिकट द्रव्याने चेहऱ्यावर डकवत. सकाळी ते सोलून काढावे लागत. पुढे पट्टे आले, मऊ सिलिकोनची गादी आली, चिकटवणे गेले. त्वचेवरचा भार मात्र गेला नाही, चिकटण्याऐवजी आता ती दाबली जाऊ लागली.

हा दाब किती, याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा तुमच्या यंत्राचा दाब १० सेंटिमीटर पाण्याइतका आहे आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कखाली ६० चौरस सेंटिमीटर जागा येते. दहा सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० ग्रॅम. म्हणजे आतली हवा मास्कला ६०० ग्रॅम जोराने चेहऱ्यापासून दूर ढकलते. पट्ट्यांनी किमान तेवढा जोर परतवला पाहिजे. त्याच्या वरचा प्रत्येक ग्रॅम गादीच्या कडेमार्फत थेट त्वचेवर जातो. कडेचा त्वचेला टेकलेला भाग ३० चौरस सेंटिमीटर धरू. पट्ट्यांचा एकूण ताण ८०० ग्रॅम असेल, तर त्वचेवर उरतात २०० ग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम ७ ग्रॅम. तोच ताण दीड किलो केला, तर उरतात ९०० ग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३०. ताण दुप्पटही झाला नाही, पण त्वचेवरचा भार साडेचार पट झाला.

हे आकडे सरासरीचे आहेत. चेहरा सपाट नसतो. गालाखाली चरबीची नैसर्गिक गादी आहे. नाकाच्या दांड्यावर पातळ कातडी आणि लगेच हाड. त्यामुळे तिथला दाब सरासरीच्या कितीतरी पुढे जातो. बहुतेकांची पहिली खूण दांड्यावरच का उमटते, याचे उत्तर यातच आहे.

आता त्वचेची बाजू. ३० ग्रॅमचा दाब पाऱ्याच्या भाषेत सुमारे २२ मिलिमीटर होतो. यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतला रक्तदाब प्रत्यक्ष मोजला होता : धमनीकडच्या टोकाला सरासरी ३२, शिरेकडच्या टोकाला १२ मिलिमीटर. त्वचा या आकड्याला काटेकोर बांधलेली नसते, थोड्या वेळापुरता ती याहून पुष्कळ दाब सोसते. पण बाहेरचा दाब या पातळीत शिरला आणि सहा-सात तास टिकला, की रक्ताचा परतीचा प्रवास अडतो. दाब आणि वेळ यांचा गुणाकार ध्यानात ठेवावा. रेसविक आणि रॉजर्स यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या आलेखाचे सारही हेच : जास्त दाब थोड्या वेळात जे नुकसान करतो, तेच कमी दाब जास्त वेळ घेऊन करतो. रात्र पुरेशी लांब असते.

वळ पडतो तो मात्र मुख्यतः रक्तामुळे नव्हे, पाण्यामुळे. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या तंतूंमध्ये पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ भरलेला असतो. गादीची कड रात्रभर दाबते तेव्हा तिथले पाणी हळूहळू बाजूला सरकते. कडेखाली खाच पडते, शेजारी किंचित उंचवटा येतो. कणकेच्या गोळ्यावर बोट दाबून धरल्यासारखेच हे आहे. फरक इतकाच, की कणीक तशीच राहते आणि त्वचेत तंतू ओढून घेतात, पाणी परत येते. तरुण त्वचेत हे अर्ध्या-पाऊण तासात होते. वय वाढते तसे इलॅस्टिन थकते, थर पातळ होतो आणि तीच खाच दोन तास रेंगाळते. दाब सुटल्यावर अडलेले रक्त जोराने परत येते, त्याची लाली वेगळी. ती निरोगी लाली आहे. रक्तवाहिन्या शाबूत असल्याची खूण.

मग ओळखायचे कसे? खुणेवर बोट तीन-चार सेकंद दाबून उचला. जागा फिकट पडून पुन्हा लाल झाली, तर तो साधा वळ. फिकट पडलीच नाही, तर रक्त वाहिन्यांबाहेर झिरपले आहे, आणि वैद्यकशास्त्र त्याला दाबाच्या इजेची पहिली पायरी मानते. कातडी सोलवटली किंवा फोड आला, तर ती दुसरी. इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी, कारण गोऱ्या त्वचेवर बेतलेल्या माहितीपत्रकांत ती बहुधा नसते. आपल्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लालीसारखी दिसतच नाही. ती जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसते आणि दाबल्यावरचे फिकटपण हरवून जाते. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा : जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम लागते का, कठीण किंवा पिलपिलीत लागते का, हात लावल्यावर दुखते का.

माझा स्वतःचा अनुभव इथे सांगते. पहिले आठ महिने माझ्या नाकाच्या दांड्यावर चंद्रकोरीएवढी खाच आणि दोन्ही गालांवरून कानाकडे जाणाऱ्या दोन रेघा असत. कनिष्ठ महाविद्यालयात माझा पहिला तास सव्वासातला. पावणेसहाला मास्क काढला, तरी फळ्याकडे वळताना मुलींची नजर गालावर खिळलेली कळे. 'मॅडम, लागलंय का?' असे एकीने विचारलेही. मास्क देणाऱ्या माणसाने मला खुर्चीत बसवून, यंत्र बंद ठेवून पट्टे नीट आवळून दिले होते. त्यात दोन चुका होत्या. बसलेला चेहरा आणि आडवा चेहरा एक नसतो. आडवे झाल्यावर गाल मागे ओघळतात, मास्कची बैठक बदलते. दुसरी चूक मोठी होती. यंत्र बंद असताना हवा मास्कला ढकलत नाही, त्यामुळे गादी नीट टेकली की बसल्यासारखी वाटते. पण मास्कची गादी अशी रचलेलीच नसते.

गादीची कड चिमटीत धरून पाहा. आतल्या बाजूला कागदासारखी पातळ सिलिकोनची झालर असते. यंत्राची हवा या झालरीत भरते आणि तिला फुग्यासारखी त्वचेवर अलगद टेकवते. गळती थांबते ती या झालरीमुळे, पट्ट्यांच्या ओढीमुळे नव्हे. पट्टा फार आवळला, की झालर चिरडून दुमडते आणि दुमडलेल्या घडीतून हवा निसटते. रात्री दोन वाजता डोळ्याला वारा लागून जाग येते, हात आपसूक पट्ट्याकडे जातो आणि आणखी एक ओढ बसते. गळती वाढल्यामुळे आवळायचे आणि आवळल्यामुळे गळती वाढायची, असे हे चक्र आहे. सकाळचा वळ म्हणजे या चक्रातल्या सगळ्या ओढींची बेरीज.

ते मोडायला मला तीन आठवडे लागले. आडवे व्हायचे, यंत्र सुरू करायचे, पट्टे गळती होईपर्यंत सैल सोडायचे, मग मास्क चेहऱ्यापासून बोटभर ओढून हलकेच परत ठेवायचा, म्हणजे झालर मोकळी होऊन बसते. त्यानंतर दोन्ही बाजू एकदम, दर खेपेस दोन-तीन मिलिमीटर, फक्त फुरफुर थांबेपर्यंत. ती जागा सापडली की पट्ट्यावर सुईदोऱ्याने एक उभा टाका घातला. पेनाची खूण धुण्यात जाते, टाका राहतो. दर आठवड्याला पट्टे धुतल्यावर मी अजूनही त्याच टाक्यावर लावते. गालावरच्या रेघा चौथ्या आठवड्यात दिसेनाशा झाल्या. दांड्यावरची खाच अजून उमटते, पण सातच्या आत उतरते.

जागेवरून कारण वाचता येते, असे वर म्हटले. दांड्यावर खोल खूण आणि डोळ्यांकडे गळती असेल, तर वरचे पट्टे जास्त ओढलेले असतात किंवा मास्कच मोठा असतो. वरच्या ओठावर खाच असेल, तर खालचे पट्टे पाहावेत. गालावरच्या रेघा पट्ट्यांच्या, गादीच्या नव्हेत. एका कुशीवर झोपणाऱ्याची एकच बाजू रेघाळते. त्यावर मऊ सुती कापडाची वेष्टणे पुरतात, घरी शिवलेलीही चालतात, फक्त शिवण त्वचेकडे येऊ देऊ नये. नाकपुडीच्या कडा हुळहुळत असतील, तर नाकपुडीत टेकणाऱ्या बोंड्यांचे माप चुकले आहे. तीन मापांपैकी बहुधा वेगळे लागेल. मानेवर टोचत असेल, तर बक्कल सरकवावे.

वजन पाच-सात किलोंनी घटले किंवा वाढले, दात काढले, रात्री कवळी काढून ठेवू लागलो, की चेहऱ्याची घडण बदलते आणि जुना मास्क बसेनासा होतो. गादीही थकते. चेहऱ्याचे तेल शोषून सिलिकोन हळूहळू ढिले पडते, झालर फुगेनाशी होते, आणि तिची उणीव पट्टे आवळून भरून काढली जाते. मास्कची किंमत हजारांत असते आणि अनेकांना ती पदरचीच मोडावी लागते, त्यामुळे एकेक मास्क वर्षानुवर्षे वापरला जातो, हे मला ठाऊक आहे. पण बहुतेक मास्कची गादी सुटी मिळते. काटकसर चौकटीवर करावी, गादीवर करू नये. गादी रोज सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी आणि साबण पूर्ण निघाला याची खात्री करावी. उरलेला साबण रात्रभर त्वचेला लागून खाज आणतो.

तेलाचा मुद्दा आपल्या घरांत विशेष महत्त्वाचा आहे. चेहरा कोरडा वाटला की रात्री खोबरेल तेल किंवा तूप लावायची आपली जुनी रीत आहे. मास्कखाली ती नको. तेलाने गादी घसरते, घसरली की माणूस आवळतो, शिवाय सिलिकोन खराब होते. लावायचेच तर पाण्याचा आधार असलेले हलके क्रीम, तेही सकाळी मास्क काढल्यावर. झोपण्यापूर्वी नुसता धुतलेला कोरडा चेहरा सर्वांत चांगला.

सगळ्याच खुणा दाबाच्या नसतात. मास्कच्या नेमक्या आकारात खाज सुटणारी पुरळ आली, तर संशय स्पर्शदाहाचा. सिलिकोनची अ‍ॅलर्जी क्वचितच असते. पट्ट्यांच्या रबरी पदार्थांतली आणि चिकट भागांतली रसायने जास्त वेळा कारणीभूत असतात. चिकट द्रव्ये काय करू शकतात हे आपल्याकडच्या बायकांना वेगळे सांगायला नको. टिकलीच्या गोंदातल्या रसायनामुळे कपाळावर टिकलीएवढाच पांढरा चट्टा उठलेला अनेक घरांत पाहिलेला असतो. मास्कखाली त्वचा पांढरी पडत असेल, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. घाम आणि घर्षणाने येणारे मुरूम वेगळे. ते कोकण किनाऱ्यावरच्या दमट उन्हाळ्यात वाढतात आणि चेहरा व गादी स्वच्छ ठेवल्याने कमी होतात.

आणि उरतो खरा डाग. वारंवार दबलेल्या किंवा सोलवटलेल्या जागी सावळ्या त्वचेत रंगद्रव्य साचते आणि तपकिरी पट्टा राहतो. तो आठवडे, कधी महिने टिकतो. तो जायला दोनच गोष्टी लागतात : नवा दाब थांबणे आणि उन्हापासून झाकणे. इथे एक कळकळीची सूचना. औषधाच्या दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून 'गोरे करणारे' मिश्र मलम आणू नका. अशा अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. आठवडाभर डाग उजळल्यासारखा वाटतो, पण त्वचा पातळ होत जाते आणि त्या पातळ त्वचेवर रोज रात्री पुन्हा तीच कड टेकणार असते. डाग घालवायला जाऊन जखम ओढवून घेण्याचा याहून सोपा रस्ता नाही.

टाका घालूनही दांड्यावरची इजा थांबत नसेल, तर मास्कचा प्रकार बदलण्याचा विचार करावा. नाकपुडीत टेकणारे किंवा नाकाखाली बसणारे मास्क दांड्याला शिवतच नाहीत. तोंडाने श्वास घेणाऱ्यांसाठी नाकाखाली बसून तोंड झाकणारे प्रकारही मिळतात. दोन वेगळ्या घडणीचे मास्क आलटून-पालटून वापरणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण एकाच जागेला सलग रात्री भार पडत नाही. लहान मास्कखाली जागा कमी, म्हणून हवेची ढकलही कमी आणि लागणारा ताणही कमी. वरचा हिशेब इथे कामाला येतो. जखमेच्या उंबरठ्यावरच्या जागेसाठी पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी असते. २०२० च्या साथीत एन-९५ मास्क तासन्‌तास लावणाऱ्या परिचारिकांनी नाकावर अशाच पट्ट्या लावल्या होत्या. जाड पट्टी मात्र लावू नये. ती स्वतःच नवा दाबबिंदू होते.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. त्यांच्या चेहऱ्याची हाडे वाढत असतात. वर्षानुवर्षे मास्कचा दाब पडल्याने चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढ खुंटल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. मूल मास्क वापरत असेल, तर दर काही महिन्यांनी डॉक्टरांकडून चेहऱ्याची तपासणी झालीच पाहिजे.

सकाळी लवकर बाहेर पडायचे असेल, तर मास्क थोडा आधी काढून कोमट पाण्याने चेहरा धुवावा, खाचेच्या दोन्ही बाजूंनी हलक्या बोटांनी मध्याकडे चोळावे. पाणी परत यायला तेवढीच मदत, जादू नाही. मास्क काढून पुन्हा झोपू नये, पहाटेच्या त्याच तासांत अडथळे बहुधा सर्वांत जास्त येतात.

खुणांना कंटाळून यंत्र कपाटात ठेवलेली माणसे मला माहीत आहेत, आणि ही माणसे वाईट निर्णय घेतात असे मी ठामपणे म्हणते. उपचार नीट चालू आहे असे मानायला रात्री किमान ४ तास आणि १०० पैकी ७० रात्री मास्क लागतो. तो सुटला की रक्तदाब चढतो, दिवसा गाडी चालवताना डोळा लागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले होते.

तेव्हा आज रात्री एवढे करा. आडवे व्हा, यंत्र सुरू करा आणि पट्टा दोन मिलिमीटर सैल सोडून पाहा. उद्या सकाळी घड्याळ लावून वळ किती वेळात उतरतो ते वहीत लिहा. दोन तासांनंतरही तो तसाच असेल, बोटाखाली फिकट पडत नसेल किंवा कातडी सुटली असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.